गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शन किंवा हार्मोनची तांबी बंद केल्यानंतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भनिरोधक गोळ्या सुरू करताना डॉक्टर, आशाताई किंवा निदान औषधाचा दुकानदार तरी चार सूचना देतो. बंद करताना मात्र बहुतेकींना कोणी काहीच सांगत नाही. घरात विचारावे तर तिथेही उत्तर मिळत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणी स्त्री नसबंदीवर अवलंबून आहेत, म्हणजे आई, मावशी आणि सासूबाई यांचा अनुभव बहुधा ‘मुले झाली आणि ऑपरेशन केले’ एवढाच असतो. तीन-चार वर्षे गोळ्या घेऊन त्या थांबवल्यावर शरीर कसे वागते, हे त्यांनाही ठाऊक नसते. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तरी हा विषय अजून दार लोटूनच बोलला जातो आणि त्यामुळे साध्या गोष्टींची भीती वाटते, तर ज्यांच्याकडे लक्ष द्यायला हवे त्या अंगावर काढल्या जातात. दवाखान्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न म्हणूनच इथे एकत्र केले आहेत.

गोळ्या बंद केल्यावर शरीरात नेमके काय बदलते?

पाळीचे चक्र गर्भाशयात नव्हे, मेंदूत सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला ठरावीक अंतराने इशारा देतो. पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडते. त्यांच्या प्रभावाने अंडाशयातील एक बीजपुटिका (स्त्रीबीज असलेली छोटी पिशवी) वाढू लागते आणि इस्ट्रोजेन तयार करते. हे इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की एलएचची मोठी लाट येते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते, गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार होते आणि गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी ते अस्तर गळून पाळी येते.

नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्हींची कृत्रिम रूपे असतात. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या एका गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायोल असते. रोज बाहेरून येणारी ही मात्रा पाहून मेंदू इशारे देणे थांबवतो, त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही. गोळी थांबली की ही औषधे काही दिवसांतच शरीराबाहेर जातात. ती कुठे साठून राहत नाहीत, गर्भाशयात त्यांचा थर बसत नाही. वेळ लागतो तो मेंदू, पिट्युटरी आणि अंडाशय यांच्यातील ताल पुन्हा जुळायला. कोणाला तीन आठवडे, तर कोणाला तीन महिने.

गोळ्यांच्या काळात स्त्रीबीजे ‘वाचतात’, असाही एक समज आहे, आणि तो खरा नाही. बाहेर पडणारे बीज थांबले, तरी अंडाशयातील साठा वयानुसार कमी होतच राहतो. तिसाव्या वर्षी गोळ्या सुरू करून अडतिसाव्या वर्षी थांबवल्या, तर अंडाशयाचे वय अडतीसच असते. हे आधीच माहीत असले पाहिजे, कारण पुढे गर्भधारणेस उशीर झाला की त्याचे खापर गोळ्यांवर फुटते, आणि खरे कारण असते मधल्या काळात वाढलेले वय.

गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव झाला. ही माझी पाळीच आहे का?

नाही. गोळीतील संप्रेरके अचानक थांबल्यामुळे अस्तर गळते आणि रक्तस्राव होतो. त्याआधी स्त्रीबीज बाहेर पडलेले नसते. गोळ्या चालू असताना दर महिन्याला येत होती, तीही अशीच होती. माला-एनचे पाकीट उलटसुलट करून पाहिले, तर २१ पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटी ७ गडद रंगाच्या गोळ्या दिसतात. त्या सातांत गर्भनिरोधक औषध नसते, फक्त लोह असते, आणि म्हणून त्याच दिवसांत अंगावरून जाते. तुमची स्वतःची पहिली पाळी या रक्तस्रावानंतर येते. हिशेब तिच्यापासून धरावा.

पाकीट संपवूनच थांबावे की मधेच सोडले तरी चालते?

मधेच सोडल्याने शरीराला इजा होत नाही, पण पाकीट संपवून थांबणे सोयीचे असते, कारण तारखा स्पष्ट राहतात आणि अवेळी रक्तस्रावाचा गोंधळ होत नाही. मधेच सोडण्यात खरा धोका वेगळा आहे. आधीच्या पाच-सात दिवसांत संबंध आला असेल, तर शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात आणि गर्भ राहण्याची शक्यता उरते. पाय सुजून दुखणे, छातीत दुखणे, दम लागणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका बाजूला अशक्तपणा येणे अशी लक्षणे दिसली, तर मात्र पाकीट संपण्याची वाट पाहू नये. गोळी त्याच क्षणी थांबवावी आणि थेट रुग्णालयात जावे.

पाळी पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?

बहुतेकींना गोळ्या बंद केल्यापासून चार ते सहा आठवड्यांत स्वतःची पाळी येते. वर्षभर खंड न पाडता गोळ्या घेतलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या स्त्रियांची पाळी ३२ दिवसांच्या आत परतली होती आणि ९० दिवसांपर्यंत जवळपास ९९ टक्के स्त्रियांना एकतर पाळी आली होती किंवा दिवस राहिले होते. तीन महिन्यांची मर्यादा डॉक्टर मानतात, ती अशा निरीक्षणांवरून.

पाळी परतली म्हणजे ती लगेच ठरलेल्या तारखेला येईलच असे नाही. पहिली दोन-तीन चक्रे कधी २४ दिवसांची, तर कधी ४० दिवसांची होऊ शकतात, कधी एखाद्या चक्रात स्त्रीबीज बाहेर पडतच नाही, आणि कधी ते पडूनही त्यानंतरचा काळ नेहमीपेक्षा आखूड राहतो. या काळात मोबाईलमधल्या ॲपने दाखवलेल्या ‘सुरक्षित दिवसां’वर विसंबू नये, कारण ॲप मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधते आणि तुमचे मागचे महिने गोळ्यांनी आखलेले होते. त्यापेक्षा स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर अंगावरून जाऊ लागल्याच्या दिवशी एक टिंब आणि थांबल्याच्या दिवशी एक फुली, एवढी नोंद तीन महिने ठेवावी. दवाखान्यात हे पान पुढे ठेवले, की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

गोळ्या थांबवल्यावर लगेच दिवस राहू शकतात का? काही महिने थांबून मगच प्रयत्न करावा का?

लगेच राहू शकतात, आणि हे सर्वांत आधी सांगायला हवे. स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते, त्यामुळे पहिली पाळी येण्याआधीच गर्भ राहणे शक्य आहे. ‘इतकी वर्षे गोळ्या घेतल्या, त्यांचा असर दोन महिने तरी राहील’ या समजुतीवर निर्धास्त राहिलेल्या कितीतरी जणी गर्भतपासणीच्या किटवर दोन रेघा पाहून गोंधळून येतात. मूल नको असेल, तर गोळी थांबवल्याच्या दिवसापासून निरोध किंवा दुसरे साधन हवे.

मूल हवे असेल, तर थांबण्याची गरज नाही. गोळ्या थांबवल्यानंतर पहिल्याच महिन्यात राहिलेल्या गर्भात त्या गोळ्यांमुळे व्यंग किंवा गर्भपाताचा धोका वाढत नाही. एक पाळी येऊ द्यावी असे डॉक्टर कधीकधी सुचवतात, ते गर्भाचे आठवडे मोजणे सोपे जावे म्हणून. त्याआधीच दिवस राहिले, तर सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून आठवडे नेमके ठरवता येतात, काही बिघडत नाही.

युरोपात २,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या एका पाहणीत मुलासाठी गोळ्या थांबवणाऱ्यांपैकी सुमारे २१ टक्के स्त्रियांना पहिल्याच चक्रात, तर सुमारे ७९ टक्के स्त्रियांना वर्षभरात दिवस राहिले. कोणतेच साधन न वापरलेल्या स्त्रियांमध्येही वर्षभराचे प्रमाण साधारण एवढेच असते.

‘अंतरा’ इंजेक्शन थांबवून सहा महिने झाले, पाळी आलेली नाही. काही बिघडले आहे का?

या प्रश्नामागे सर्वांत जास्त रडणे असते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. ‘अंतरा’ या नावाने सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून दिले जाणारे इंजेक्शन म्हणजे डीएमपीए. स्नायूत १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. हे औषध स्नायूत साठा करून हळूहळू रक्तात उतरते, आणि हा साठा तीन महिन्यांच्या मुदतीवर काटेकोर संपत नाही. मुदतीनंतरही थोडे औषध बराच काळ झिरपत राहते, त्यामुळे मेंदूचे इशारे उशिरा सुरू होतात.

शेवटचे इंजेक्शन घेतल्यापासून गर्भ राहायला मध्यम मानाने १० महिने लागतात. ज्यांना पुढे दिवस राहिले, अशा स्त्रियांपैकी सुमारे ६८ टक्के स्त्रियांना १२ महिन्यांत, ८३ टक्के स्त्रियांना १५ महिन्यांत आणि ९३ टक्के स्त्रियांना १८ महिन्यांत राहिले, असे या औषधाच्या माहितीपत्रकातच नोंदलेले आहे. हे महिने शेवटच्या इंजेक्शनच्या तारखेपासून मोजायचे असतात, चुकवलेल्या तारखेपासून नव्हे. इंजेक्शने दोन घेतली की दहा, याने हा काळ लांबत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

एक सून आणि तिच्या सासूबाई एकदा एकत्र आल्या होत्या. सुनेच्या हातात घड्या पडून मऊ झालेले अंतराचे कार्ड होते, त्यावर चार तारखा होत्या, आणि सासूबाईंचे म्हणणे एकच होते, की ‘इंजेक्शनाने पोरीची कूस बंद केली.’ शेवटच्या तारखेवर बोट ठेवून बोटांच्या पेरांवर महिने मोजले, तेव्हा आठच भरले. दोघींना काही औषध द्यावे लागले नाही, फक्त किटवर गर्भ नसल्याची खात्री केली आणि हिमोग्लोबिन तपासले. खरी चूक इंजेक्शन देतानाच झाली होती: ज्या जोडप्याला वर्षभरात मूल हवे आहे, त्यांना हे साधन सुचवूच नये, आणि सुचवले तर उशिराची कल्पना आधी द्यावी.

तरीही वाट किती पाहावी याला मर्यादा आहे. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष होऊनही पाळी आली नाही, किंवा वय ३५ च्या पुढे असून मूल हवे आहे, तर तपासणीसाठी जावे. इंजेक्शनच्या काळात हाडांची घनता थोडी कमी होते. बंद केल्यावर ती हळूहळू भरून येते.

‘छाया’ गोळी, हार्मोनची तांबी आणि दंडातील इम्प्लांट यांचे काय?

‘छाया’ मुळात हार्मोनची गोळी नाही. तिच्यातील सेंटक्रोमन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झाले, ‘सहेली’ या नावानेही ते ओळखले जाते. ते स्त्रीबीज रोखत नाही, गर्भाशयावरील इस्ट्रोजेनचा परिणाम बदलते. चालू असताना पाळी लांबते, थांबवल्यावर ती जवळ येते आणि गर्भधारणेची क्षमता लवकर परतते.

लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेली, गर्भाशयात बसवली जाणारी हार्मोनची तांबी आणि दंडाच्या कातडीखाली बसवले जाणारे इम्प्लांट काढल्यावर औषधाचा स्रोतच निघून जातो. इम्प्लांटनंतर स्त्रीबीज काही आठवड्यांतच बाहेर पडू शकते. हार्मोनच्या तांबीत तर बऱ्याच जणींचे स्त्रीबीज चालू काळातही तयार होत असते. म्हणून मूल नको असेल, तर तांबी काढण्याच्या आधीच्या सात दिवसांत निरोध वापरावा. तांबी काढून दुसऱ्या दिवसापासून काळजी घेणे उशिराचे ठरू शकते. साध्या तांब्याच्या तांबीत हार्मोन नसते, तिच्यामुळे चक्र बदललेले नसते आणि ती काढल्यावर जुळवून घ्यायचे असे काही उरत नाही.

गोळ्या चालू असताना पाळी घड्याळासारखी होती. आता दोन-दोन महिने येत नाही आणि सोनोग्राफीत पीसीओडी (स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडणारा अंडाशयाचा विकार) निघाला. हा गोळ्यांनी केला का?

नाही, पण असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, कारण घटनांचा क्रमच तसा असतो. गोळ्यांच्या काळातील नियमितपणा पाकिटाचा होता, अंडाशयाचा नव्हता. अठराव्या वर्षी पाळी अनियमित म्हणून गोळ्या सुरू झाल्या, लग्नानंतर त्याच गर्भनिरोधनासाठी चालू राहिल्या आणि आठ-दहा वर्षांनी थांबवल्या, अशी वाट अनेक जणींची असते. गोळ्यांनी पीसीओडी बरा होत नाही, झाकला जातो. त्या थांबल्यावर मूळ स्वभाव उघड होतो, आणि मधल्या वर्षांत वजन वाढले असेल, तर तो आधीपेक्षा ठळकपणे दिसतो.

इथे माझे स्पष्ट मत असे आहे, की अनियमित पाळीसाठी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी त्या मुलीला ‘ही पाळी गोळीची आहे, तुझी नाही’ हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. ते सांगितले जात नाही, म्हणून दहा वर्षांनी तिला फसवल्यासारखे वाटते.

गोळ्या सुरू करण्याआधी पाळी कशी होती, हे आठवून पाहावे. ती तेव्हाही चाळीस-पन्नास दिवसांनी येत असेल, हनुवटीवर राठ केस असतील, मानेच्या मागची कातडी काळपट आणि जाड झाली असेल, घरात मधुमेह असेल, तर उत्तर बहुधा तिथेच आहे. उलट पूर्वी पाळी नियमित असेल, तर फक्त सोनोग्राफीत ‘अनेक लहान बीजपुटिका’ दिसल्या म्हणून घाबरून जाऊ नये. तरुण वयात असे चित्र निरोगी अंडाशयातही दिसते. निदानासाठी पाळीचा इतिहास, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे किंवा रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांचा एकत्र विचार लागतो.

पीसीओडी असेल, तर पाळी नुसतीच लांबत ठेवणे बरे नाही. अस्तर महिनोन्‌महिने गळलेच नाही, तर ते जाड होत जाते, म्हणून वर्षातून किमान चार वेळा तरी पाळी येईल, हे औषधाने का होईना पाहावे लागते. वजन जास्त असेल, तर ५ ते १० टक्के घटल्यानेही कित्येक जणींचे चक्र सुरू होते. आणि पाळी लांबते म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असे समजू नये. स्त्रीबीज केव्हा बाहेर पडेल ते आधी कळत नाही, एवढेच.

चेहऱ्यावर मुरमे आली आणि केस मूठमूठ गळत आहेत. हे थांबेल का?

गोळीतील इस्ट्रोजेनमुळे यकृत एक विशिष्ट प्रथिन जास्त तयार करते आणि ते रक्तातील पुरुषी संप्रेरकांना बांधून ठेवते. गोळी थांबली की काही आठवड्यांत हे प्रथिन कमी होते, मोकळे पुरुषी संप्रेरक वाढते आणि तेलग्रंथी पुन्हा कामाला लागतात. ज्यांना गोळ्यांच्या आधी मुरमे होती, त्यांना ती परत येण्याची शक्यता जास्त. विशेषतः सायप्रोटेरोन किंवा ड्रॉस्पिरेनोन असलेल्या गोळ्या मुरमांसाठीच घेतल्या असतील, तर. त्वचारोगतज्ज्ञांना भेटताना मूल हवे आहे की नाही ते आधीच सांगावे, कारण आयसोट्रेटिनॉइन या मुरमांवरील औषधाने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते.

केसांचे गणित निराळे आहे. संप्रेरके बदलली, की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात; बाळंतपणानंतर गळतात, तसेच. उशी, कंगवा आणि न्हाणीघराची जाळी पाहून धसका बसतो, पण मुळे शाबूत असतात आणि साधारण सहा महिन्यांत गळणे आटोक्यात येते. भांग रुंदावत चालला असेल, किंवा सहा महिन्यांनंतरही गळती तशीच असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासावे.

मन, झोप, वजन आणि शरीरसंबंधाची इच्छा यांच्यात फरक पडतो का?

काही जणींना मोकळे वाटते, काही जणींना चिडचिड आणि उदासी जाणवते, तर पुष्कळ जणींना काहीच फरक जाणवत नाही. गोळ्यांच्या काळात दबलेला पाळीपूर्वीचा त्रास, म्हणजे स्तन दुखणे, पोट फुगणे, डोळ्यांत उगाच पाणी येणे, पुन्हा जाणवू लागतो. इच्छा वाढेल की कमी होईल, याचे भाकीत करता येत नाही. इंजेक्शनने वाढलेले वजन ते थांबवल्यावर आपोआप उतरत नाही. गोळ्यांनी अंगात साठलेले थोडे पाणी मात्र उतरते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ‘हार्मोनचे असेल’ म्हणून थांबू नये. आणि नैराश्याची, फिट्सची किंवा थायरॉइडची औषधे चालू असतील, तर गोळ्या थांबवल्याचे त्या डॉक्टरांना कळवावे. फिट्सच्या लॅमोट्रिजिन या औषधाचे रक्तातील प्रमाण गोळी थांबवल्यावर वाढते, त्यामुळे मात्रा बदलावी लागू शकते.

पाळी आता खूप दुखते आणि अंगावरून जास्त जाते. हे नवे दुखणे आहे का?

गोळीमुळे अस्तर पातळ राहते, म्हणून रक्तस्राव आणि कळा दोन्ही कमी असतात. थांबवल्यावर अस्तर पूर्ववत जाड होते, त्यामुळे पाळी जड वाटणारच. परंतु दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, सुपारीएवढ्या गाठी पडत असतील, पाळी आठवड्याहून जास्त चालत असेल, किंवा कळांमुळे कामावर जाता येत नसेल, तर एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), फायब्रॉइड (गर्भाशयातील साध्या गाठी) किंवा ॲडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे) यांपैकी काहीतरी इतकी वर्षे गोळ्यांखाली दबलेले असू शकते. ‘बाईच्या जातीला दुखायचेच’ हे वाक्य ऐकून घेऊ नये. महाराष्ट्रात प्रजननक्षम वयातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यात पाळी जड झाली, तर हिमोग्लोबिन भराभर उतरते. चार जिने चढताना धाप लागणे आणि माती किंवा खडू खावासा वाटणे ही त्याची खूण आहे.

गौरी-गणपतीत किंवा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या, तर त्यांचाही असाच परिणाम होतो का?

त्या बहुधा नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्या असतात, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, पाळीच्या तारखेच्या सुमारे तीन दिवस आधीपासून. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत अंगावरून जाते आणि ते नेहमीपेक्षा जास्त असू शकते. त्यानंतरची एखादी पाळी मागेपुढे होते. अशा प्रकारे घेतलेल्या या गोळ्यांनी गर्भनिरोधन होत नाही, हे बऱ्याच जोडप्यांना माहीत नसते. थांबवून आठवडा झाला तरी पाळी आली नाही, तर गर्भतपासणी करावी. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, त्यांनी या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. शेजारणीला चालल्या म्हणजे आपल्यालाही चालतील, असे नाही.

शरीर ‘शुद्ध’ करण्यासाठी काढे, चूर्ण किंवा डिटॉक्स घ्यावे का?

गरज नाही. यकृत आणि मूत्रपिंडे हे काम काही दिवसांत पूर्ण करतात. ‘हार्मोन बॅलन्स’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या डब्यांपेक्षा वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि रोजचे चालणे यांवर भर द्यावा. अळीव, तीळ, गूळ खायला हरकत नाही. ते खाद्य म्हणून चांगले आहेत. पाळी आणण्यासाठी कोणताही उग्र काढा घेऊ नये, कारण पाळी न येण्याचे कारण गर्भ असू शकते.

मूल हवे असल्यास गोळ्या थांबवण्याआधी कोणती तयारी करावी?

गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे; तीन महिने आधी सुरू केले तर उत्तम. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडतो तो दिवस राहिल्याचे कळण्याच्या आधीच, म्हणून ही गोळी नंतर सुरू करून पूर्ण फायदा मिळत नाही. मधुमेह, फिट्सची औषधे किंवा आधीच्या बाळात मणक्याचे व्यंग असा इतिहास असेल, तर जास्त मात्रा लागते. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तगट आणि थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबांनी सिकलसेलचीही. रुबेला लस घेतली असेल, तर त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. अंडाशयातील साठा दाखवणारी एएमएच तपासणी गोळ्या चालू असताना केली, तर आकडा खोटा कमी येतो. ती करायचीच असेल, तर गोळ्या थांबवून दोन-तीन महिन्यांनी करावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गोळ्या थांबवून तीन महिन्यांत पाळी आली नाही, आणि किटवर गर्भ नसल्याचे दिसले, तर जावे. पाळी नसताना स्तनांतून दूध येणे, सतत डोके दुखणे किंवा बाजूचे धूसर दिसणे अशी लक्षणे असतील, तर तीन महिने थांबू नये. पिट्युटरीची तपासणी लागते. किटवर दोन रेघा आहेत आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखते किंवा चक्कर येते, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता असते, आणि त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. मुलासाठी प्रयत्न करत असाल, तर ३५ च्या आतील वयात एक वर्षानंतर आणि ३५ च्या पुढे सहा महिन्यांनंतर तपासणी सुरू करावी. त्या दिवशी नवऱ्याने सोबत यावे. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा मोठा असतो, वीर्यतपासणी स्वस्त आणि सोपी असते, तरीही स्त्रीच्या चार सोनोग्राफ्या होईपर्यंत ती केली जात नाही, ही गोष्ट मनाला लागते.

वय ४७ आहे. गोळ्या थांबवल्यावर पाळी आलीच नाही. आता गर्भनिरोधनाची गरज संपली का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. रजोनिवृत्तीचा काळ आणि गोळ्यांनंतरचा खंड हे दोन्ही एकसारखे दिसू शकतात. गोळ्या चालू असताना केलेली एफएसएच तपासणी भरवशाची नसते. पन्नाशीच्या आत पाळी गेली, तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर गेली, तर एक वर्ष हार्मोनविरहित साधन वापरावे, असा नियम आहे. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम येणे, झोप मोडणे ही लक्षणे गोळ्यांमुळे दबलेली असतात आणि थांबवल्यावर एकदम जाणवतात.

अनेक वर्षे गोळ्या घेतल्याचा कर्करोगाशी काही संबंध उरतो का?

अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळ्यांमुळे कमी होतो आणि हे संरक्षण त्या थांबवल्यानंतरही अनेक वर्षे टिकते. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका चालू काळात किंचित वाढलेला असतो, तो थांबवल्यानंतर हळूहळू उतरत साधारण दहा वर्षांत पूर्ववत होतो. गर्भाशयमुखाची तपासणी गोळ्या घेतल्या असोत वा नसोत, नियमित करून घ्यावी.

शरीराला विश्रांती म्हणून वर्षातून दोन-तीन महिने गोळ्या थांबवून पुन्हा सुरू कराव्या का?

असे करू नये. गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक असतो, नंतर उतरतो. काही आठवड्यांचा खंड पाडून पुन्हा सुरुवात केली, की तोच वाढलेला धोका नव्याने पत्करावा लागतो. शिवाय या ‘विश्रांती’च्या महिन्यांतच नको असलेले दिवस राहतात. पुन्हा सुरू करायच्याच असतील, तर आधी रक्तदाब मोजून घ्यावा. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन मग डोके दुखत असेल, किंवा वय ३५ च्या पुढे असून धूम्रपान होत असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळावी. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली, तर संरक्षण लगेच मिळते. त्यानंतर सुरू केली, तर पहिले सात दिवस निरोध वापरावा.